फोनने केव्हा गप्प बसावे आणि केव्हा बोलावे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मिस्साविधी चालू असताना भाविकांचे फोन वाजतात म्हणून दर रविवारी सूचना देणाऱ्या याच धर्मगुरूचा फोन एका अंत्यविधीच्या वेळी वेदीवरच वाजला. शरमेने मी त्याच दिवशी एका तरुणाच्या मदतीने फोनवर स्वयंचलनाचे एक ॲप बसवून घेतले. नियम अगदी सोपा होता : चर्चच्या वायफायशी फोन जोडला गेला की त्याने आपोआप मूक व्हावे, आणि जोडणी तुटली की आवाज पुन्हा सुरू करावा. पुढचे तीन रविवार कसे निर्विघ्न पार पडले! चौथ्या आठवड्यात एका रात्री अडीच वाजता धर्मग्रामातील एका कुटुंबाने आजारी आईच्या तैलाभ्यंगासाठी मला फोन केला. दहा मिनिटांत चार वेळा केला. फोन उशाशी होता, परंतु तो वाजला नाही. अखेर थोरला मुलगा स्कूटरवरून आला आणि त्याने दार ठोठावले. मी घरी पोहोचलो तेव्हा त्या माउलीची शुद्ध हरपली होती. संस्कार झाला, मात्र तिला मुलांसमवेत प्रार्थना म्हणायची होती, ती राहून गेली.

दोष ॲपचा नव्हता. त्याला सांगितले तेच त्याने केले होते. चर्चच्या वायफायचा टापू चर्चच्या भिंतींपाशी संपत नाही, तो धर्मगुरूंच्या निवासापर्यंत पोहोचतो, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्यामुळे महिनाभर माझा फोन रात्रभर मूकच राहत होता. त्या घटनेनंतर अँड्रॉइड फोनवरील जाळ्याच्या आणि स्वयंचलनाच्या सेटिंगचा मी जरा नेटाने अभ्यास केला. वाचकांपैकी अनेकांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत, कित्येकांची मुले आखातात वा जहाजावर आहेत; त्यांना उपयोगी पडेल असे जे मला उमगले, ते येथे मांडत आहे. प्रत्येक कंपनीच्या फोनवर सेटिंगची नावे व जागा थोड्याफार फरकाने वेगळ्या असतात. तथापि सेटिंगमधील शोधाच्या चौकटीत नाव लिहिले असता ती बहुधा सापडतात.

प्रथम आवाजाविषयी. फोन 'सायलेंट' करणे आणि 'डू नॉट डिस्टर्ब' लावणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. मराठी भाषा निवडलेल्या फोनवर दुसरीचे नाव 'व्यत्यय आणू नका' असे दिसते. सायलेंट केलेला फोन सर्वांसाठीच मुका होतो. त्याला अपवाद ठाऊक नाही. 'व्यत्यय आणू नका' मात्र दारावर बसवलेल्या समंजस पहारेकऱ्यासारखे आहे. कोणाला आत सोडायचे हे आपण त्याला सांगू शकतो. संपर्कयादीत ज्यांच्या नावापुढे आपण तारा लावला आहे त्यांचा कॉल वाजू द्यावा, असे त्यात ठरवता येते. आणखी एक सोय तर माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची : एकाच क्रमांकावरून १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा कॉल आला, तर तो वाजू द्यावा. संकटात सापडलेला माणूस एकदाच फोन करून थांबत नाही, या साध्या मानवी अनुभवावर ही सोय उभी आहे. मी सायलेंटऐवजी ही सोय वापरली असती, तर त्या रात्रीचा दुसराच कॉल मला जागे करून गेला असता.

याच सेटिंगमध्ये वेळापत्रक लावता येते. त्यासाठी कोणतेही वेगळे ॲप लागत नाही. रविवारी सकाळी अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत, किंवा रोज रात्री दहा ते पहाटे पाच, असे नियम करता येतात. फोनमधील कॅलेंडरमध्ये नोंदवलेल्या कार्यक्रमाच्या वेळेपुरता फोन गप्प राहावा, असाही नियम त्यात आहे. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये हे सारे 'मोड्स' या नावाखाली आढळते. गजराला यातून सूट दिलेली आहे ना, हे एकदा तपासून पाहावे. अन्यथा पहाटेच्या मिस्साला उठण्याची पंचाईत व्हायची.

ठिकाण, वायफाय, चार्जिंग, ब्लूटूथ अशा खुणांवरून फोनने काही करावे असे वाटत असेल, तर मात्र स्वयंचलनाच्या ॲपकडे वळावे लागते. सॅमसंगच्या फोनवर 'मोड्स अँड रूटीन्स' ही सोय मुळातच असते. २०१९ साली ती 'बिक्सबी रूटीन्स' या नावाने प्रथम आली. इतरांसाठी 'मॅक्रोड्रॉइड' हे नवशिक्याला झेपणारे ॲप आहे, आणि 'टास्कर' हे विकत घ्यावे लागणारे, शिकायला कठीण पण फार सामर्थ्यवान ॲप आहे. नावे निरनिराळी असली तरी सर्वांचे व्याकरण एकच आहे. एक घटना घडते, तिच्यामुळे एक कृती होते, आणि त्या दोहोंच्या मध्ये काही अटी घालता येतात. माझ्या नियमात घटना होती, कृती होती; नव्हती ती अट. 'सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेतच' एवढे चार शब्द त्यात असते, तर पुढचे काही घडते ना. वायफायवरून ठिकाण ओळखण्याचा नियम करताना ते वायफाय कोठवर पोहोचते, हे फोन हातात घेऊन एकदा चालून पाहावे, असे मी आता सर्वांना सांगतो.

हे नियम कित्येकदा मध्येच काम करीनासे होतात, अशी तक्रार अनेकजण करतात. त्याचे कारण बॅटरी वाचवण्याच्या व्यवस्थेत आहे. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि तो बराच वेळ एकाच जागी पडून असेल, तर तो एक प्रकारच्या गाढ झोपेत जातो. मग ॲपची पडद्यामागची कामे आणि त्यांचा जाळ्याशी होणारा संपर्क तो लांबणीवर टाकतो. अधूनमधून थोडा वेळ जागा होऊन साचलेली कामे उरकतो. नेहमीचा कॉल आणि घड्याळाचा गजर यांना त्यातून वगळलेले आहे. शिवाय काही कंपन्या स्वतःच्या फोनवर याहून कडक शिस्त लावतात आणि पडद्यामागे चाललेले ॲप बंदच करून टाकतात. म्हणून ज्या ॲपवर आपला भरवसा आहे, त्याला ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीच्या निर्बंधांतून मोकळे करावे. औषधाच्या वेळेची आठवण देणारे ॲप वापरणाऱ्या वृद्धांच्या फोनवर तर मुलांनी हे आवर्जून करून द्यावे. मात्र सर्वच ॲपना अशी मोकळीक दिली, तर संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकणार नाही.

जुन्या लेखांत 'घरी आल्यावर वायफाय आपोआप चालू, बाहेर पडल्यावर बंद' असे नियम वाचून कोणी ते आजच्या फोनवर करू जाईल, तर निराशा होण्याचा संभव आहे. गूगलने हे अधिकार सामान्य ॲपकडून टप्प्याटप्प्याने काढून घेतले. विमान मोड बदलण्याचा अधिकार २०१२ मध्ये गेला, मोबाइल डेटा चालू-बंद करण्याचा २०१४ मध्ये, आणि २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपना वायफाय चालू-बंद करण्याचाही. संगणकाला फोन जोडून आज्ञा देऊन काही अधिकार परत मिळवता येतात. पण ज्याला त्या आज्ञांचा अर्थ कळत नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये. निर्बंध जाचक वाटतात खरे. परंतु कोणतेही ॲप आपल्या नकळत फोनचा संपर्क तोडू वा जोडू शकत होते, ती स्थिती काही फारशी स्पृहणीय नव्हती.

आता जाळ्याच्या सेटिंगकडे वळू. दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी 'डेटा सेव्हर' चालू करावे. २०१६ सालच्या सातव्या आवृत्तीपासून ते अँड्रॉइडमध्ये आहे. ते चालू असता, समोर उघडलेले नसलेले ॲप मोबाइल डेटा वापरू शकत नाही. ज्यांना सूट द्यायची त्यांची यादी आपण करायची. दुसऱ्याच्या फोनचे हॉटस्पॉट वापरत असाल, तर त्या वायफायच्या तपशिलात जाऊन ते 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारे, असे ठरवावे. नाही तर आपला फोन ते घरचे वायफाय समजून मोठमोठी अपडेट उतरवू लागतो आणि यजमानाचा डेटा संपवतो.

सिमकार्ड बदलल्यावर कॉल लागतात पण इंटरनेट चालत नाही, असे झाले तर 'एपीएन' पाहावे. फोनने कंपनीच्या कोणत्या दारातून इंटरनेटवर जावे, त्या दाराचे हे नाव. जिओचे 'जिओनेट', बीएसएनएलचे 'बीएसएनएलनेट' असे ते असते. त्याच पानावर मूळ स्थिती परत आणण्याचा पर्याय असतो. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते. 'नेटवर्क रीसेट' हा उपाय शेवटचा. कारण त्यात साठवलेली वायफायची सांकेतिक नावे व ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात.

'खाजगी डीएनएस' हे सेटिंग मला सर्वांत रंजक वाटते. आपण एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहितो तेव्हा त्या नावामागचा अंकांचा पत्ता फोनला कोणाला तरी विचारावा लागतो. डीएनएस ही ती पत्ते सांगणारी व्यवस्था होय. ही विचारणा पूर्वी उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखी होत असे. वाटेतल्या कोणालाही ती वाचता येई. २०१८ सालच्या नवव्या आवृत्तीपासून ती बंद पाकिटात घालण्याची सोय झाली. त्यात तीन पर्याय असतात : बंद, आपोआप, आणि आपण नेमून दिलेला सेवक. गूगल व क्लाउडफ्लेअर यांच्या अशा विनामूल्य सेवा आहेत. काही सेवा जुगाराची व अश्लील स्थळांची नावे सांगण्यासच नकार देतात, त्यामुळे लहान मुलांच्या फोनवर पालकांना त्यांचा उपयोग होतो. अर्थात चतुर मुलाला त्यातून पळवाट काढता येते, हेही खरे. एक सावधगिरी मात्र हवी. नेमून दिलेला सेवक कोणत्याही कारणाने सापडला नाही, तर फोन दुसऱ्या कोणाला विचारत नाही. इंटरनेट बंद पडल्यासारखे होते. इस्पितळाच्या वा विमानतळाच्या वायफायवर असे झाले, तर तेवढ्यापुरते 'आपोआप' निवडावे.

सभागृहाच्या वायफायवर ठरावीक फोनांनाच प्रवेश देणाऱ्या धर्मग्रामांना आणखी एक अडचण येते. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा यंत्रक्रमांक न सांगता एक बनावट क्रमांक सांगतो, जेणेकरून त्याचा माग काढता येऊ नये. राउटरच्या यादीत खरा क्रमांक असेल, तर तो फोन बाहेरच राहतो. त्या एका वायफायपुरता खरा क्रमांक वापरण्याचा पर्याय तपशिलात असतो.

काही नव्या फोनांवर टूजी बंद करण्याचे बटन असते; २०२१ सालच्या अँड्रॉइड १२ मध्ये ते आले. टूजीचे कुलूप दुबळे आहे आणि बनावट टॉवर उभारून फोनला त्यावर ओढून घेता येते, हे त्यामागचे कारण. जिओचे टूजी जाळे मुळातच नाही, त्यामुळे जिओच्या ग्राहकाला त्याचा तोटा नाही. इतरांनी, विशेषतः डोंगरात वा खाडीकाठी राहणाऱ्यांनी, आधी विचार करावा. तेथे कधी कधी टूजीवरच कॉल लागतो. जाड भिंतींच्या जुन्या घरात सिग्नल येत नसेल, तर वायफाय कॉलिंग चालू करावे. भारतात एअरटेलने २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओने २०२० च्या जानेवारीत ते सुरू केले. परदेशी निघालेल्यांनी विमानात बसण्यापूर्वीच 'डेटा रोमिंग' बंद आहे ना, हे पाहावे.

स्वयंचलनाची ॲप कधी कधी 'ॲक्सेसिबिलिटी' हा अधिकार मागतात. ही सोय दृष्टिहीन व अपंग बांधवांसाठी निर्माण झाली. तो अधिकार मिळालेले ॲप पडद्यावरील सर्व मजकूर वाचू शकते आणि आपल्या वतीने बटनेही दाबू शकते. चोरांना याहून अधिक काय हवे? लग्नाचे आमंत्रण वा वाहनाचा दंड अशा नावाने व्हॉट्सॲपवर येणारी 'एपीके' फाइल उघडून, ती मागेल तो अधिकार देऊन, बँकेतले पैसे गमावलेली माणसे आपल्या आसपास आहेत. २०२२ सालच्या अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपना हा अधिकार सहजी देता येऊ नये अशी आडकाठी घातली आहे. 'ती आडकाठी कशी काढायची ते मी सांगतो' असे फोनवर कोणी म्हणाले, तर तेथेच फोन ठेवावा. कोणकोणत्या ॲपना हा अधिकार दिलेला आहे, ती यादी सेटिंगमध्ये पाहता येते. आईवडिलांच्या फोनवर ती आजच पाहा.

माझ्या फोनवर आता स्वयंचलनाचे ॲप नाही. मिस्साच्या वेळांपुरते 'व्यत्यय आणू नका'चे वेळापत्रक आहे, प्रत्येक नियमाला संपण्याची वेळ आहे, आणि दुसऱ्यांदा येणारा कॉल वाजतो. रात्री कोणताच नियम नाही. महिन्यातून एकदा, झोपण्यापूर्वी, कार्यालयातील लँडलाइनवरून मी स्वतःच्या मोबाइलवर फोन करून पाहतो.