माथेरानचा बेत आणि चुलीचा प्रश्न

आम्ही दौंडला, ताई शिरूरला. यंदा दोन्ही बिऱ्हाडांनी मिळून माथेरानला स्वयंपाकघरासह दोन खोल्या घ्यायच्या ठरल्या. शिरूरला रेल्वे नाही. तेव्हा ताईने एस. टी.ने पुण्याला यायचे, पुढे सर्वांनी आगगाडीने कर्जत आणि तेथून लोकलने नेरळ.

नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ सालची. मुले तिच्यासाठी हटून बसतात. पण जागा थोड्या, आणि पावसाळ्यात ती नेरळहून सुटतच नाही. टॅक्सी दस्तुरी नाक्याशी थांबते, कारण गावात मोटारीला बंदी. म्हणून वाचकहो, भाड्याआधी विचारावे ते हे, की नाक्यापासून चालायचे किती? खोली स्वस्त पण लांब निघाली, तर वाचलेले पैसे घोडेवाला आणि हमाल नेतात. आईच्या गुडघ्यांकडे पाहून आम्ही बाजारपेठेजवळची, थोडी महाग खोली पत्करली.

डाळ-तांदूळ घरूनच न्यावेत. वर प्रत्येक जिन्नस खालून चढवलेला, भावही तसेच. हा हिशेब ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे माझीच चूल डोंगरावर न्यायची!"

अखेर तोड निघाली. सकाळचे चहा-पोहे पुरुषांनी करायचे, दुपारी खानावळ, रात्री खिचडी. मेहुण्यांना पोहे भिजवता येत नाहीत, हे वर गेल्यावर कळले.