लग्नाची याद पुन्हा उघडते तेव्हा

बासर तेलंगणात, शेजारचं धर्माबाद महाराष्ट्रात. १९५६ साली हैदराबाद राज्य विभागलं गेलं, पण इथल्या सोयरिकी सीमा पाहून ठरत नाहीत. मुलगी धर्माबादची, मुलगा बासरचा, हे नेहमीचंच. अशी सोयरीक मोडायला आली की लोक वकिलाआधी दोन्ही घरांच्या विश्वासातला माणूस शोधतात. अशी एक बैठक मी जवळून पाहिली.

मध्यस्थ होते निवृत्त गुरुजी. नवरा-बायको वर्षाहून अधिक काळ वेगळे राहत होते. परत नांदायचं नाही, हे गुरुजींनी दोघांकडून एकेकटं बसवून आधीच ऐकून घेतलं होतं. बैठकीत त्यांची एकच अट: चूक कुणाची, हा विषय काढायचा नाही. "काढलात तर मी उठतो."

मग लग्नाची याद निघाली. हळदीकुंकवाची बोटं उमटलेला, घड्यांवर विरलेला कागद. भांडी, कपाट, पलंग झटपट मिटलं. अडलं ते सोन्यावर. यादीत पाच तोळे, समोर साडेतीन. बाकीचं गहाण. मुलाची आई म्हणाली, "घरालाच लागलं ना!" गुरुजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, सुनेचं सोनं सुनेचंच. सोडवून आणा." स्त्रीधन बाईच्याच मालकीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. तरी कितीतरी बैठकांत तेच सोनं पोटगीत वळतं करून घेतात. बाईची सर्वांत मोठी फसवणूक इथे होते, असं मला वाटतं.

सर्वांत जास्त वेळ पोरासाठी गेला. चार वर्षांचा, ज्ञानसरस्वतीच्या देवळात अक्षराभ्यास झालेला. घरात दोन्हीकडे मराठीच. पण बापाला तो बासरला तेलुगू शिकावा असं वाटत होतं, आईने धर्माबादची मराठी शाळा ठरवली होती. शेवटी ठरलं: पोर आईकडे, शाळा मराठी, दर रविवारी बापाकडे, आणि तेलुगू बापाने शिकवायची. आई म्हणाली, "मला पैसा नको, फक्त पोर द्या." गुरुजींनी तिथेच थांबवलं. "तुझं तू सोड. पोराच्या खर्चाचा हक्क त्याचा आहे, तो तुला सोडता येत नाही."

कुणीतरी स्टँपपेपर आणलाच होता: फारकत लिहा, सह्या करा, मोकळे व्हा. गुरुजींनी तो परत दिला. हिंदू विवाह कायदा रूढीने झालेली फारकत मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नुसत्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न करणारी बाई पुढे कुठलीच राहत नाही. परस्परसंमतीचा सरळ रस्ता १९७६ पासून कलम १३-ब मध्ये आहे: आधी अर्ज, मग सहा महिन्यांनी दुसरा जबाब. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात ही मुदत माफही होते. मात्र दुसऱ्या जबाबापर्यंत कुणालाही संमती मागे घेता येते. म्हणून सोनं अर्जाआधी, पोराच्या खर्चापोटीची अर्धी रक्कम अर्जाच्या दिवशी, उरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या जबाबाच्या वेळी कोर्टातच, असं गुरुजींनी लिहून घेतलं.

मसुदा त्यांनी मोठ्याने वाचला. मुलीने एक दुरुस्ती सुचवली: रविवारी पोराला न्यायला बापानेच यावं, काकाला पाठवू नये. मुलगा म्हणाला, "मीच येईन." तेही कलम वाढलं आणि कागद वकिलाकडे गेला.