गोधडीपुढं मशीन का अडतं?

तिरुवैयारु मराठी वाचकाला ठाऊक असतं ते त्यागराजांच्या आराधनेमुळे. पण तंजावरच्या उत्तरेच्या या कावेरीकाठच्या गावाकडं आणि आसपासच्या खोऱ्याकडं शिवणकाम करणाऱ्याच्या नजरेनं पाहावं. या भागातल्या देवळांच्या रथांना कापडाची लांबट, नळकांड्यासारखी, रंगीत झुंबरं लटकवतात. त्यांना तोंबई म्हणतात. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या कापडाचे तुकडे जाड पायाकापडावर मांडून कडेनं शिवलेले असतात. थरावर थर बसवून शिवायचं, म्हणजे आपल्या गोधडीचंच नातं.

तंजावरचं मराठी राज्य १८५५ मध्ये संपलं आणि सिंगरच्या मशीनचं अमेरिकी पेटंट १८५१ चं. म्हणजे तिथल्या भोसल्यांच्या काळातलं कापडकाम जवळजवळ सगळं हातशिलाईचंच. हाताला थरांची अडचण वाटत नाही, कारण एक हात टाके घालतो आणि दुसरा कापड चाचपत सारखं करतो. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेकडून आत अशी शिवत येतात, ती याच हाताच्या जोरावर. मशीनला मात्र दुसरा हात नाही. तिथं सगळं खालच्या दात्यांवर अवलंबून.

हे लक्षात आलं की गोधडी शिकताना येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ सापडतं. दाते फक्त खालचा थर ओढतात, वरचा दाबपायाखाली अडून मागं राहतो. मग सुरुवातीला बरोबर असलेली कड शेवटी बोटभर सरकलेली दिसते आणि मध्ये चुण्या पडतात. उपाय तिहेरी आहे. आधी कच्चे टाके, तेही वीतभर अंतरानं नव्हे, चांगले दाट. मग दाबपायाचा दाब थोडा सैल. जुन्या काळ्या मशीनवर तो डोक्यावरच्या स्क्रूनं होतो. आणि शिलाई मधून सुरू करून कडेकडे न्यायची, म्हणजे जास्तीचं कापड बाहेर सरकतं. टाकाही ब्लाउजपेक्षा लांब हवा, साधारण तीन मिलिमीटरचा.

टाका सुटतो ही दुसरी रड. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा तिच्यामागं दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि शटलचं टोक तो पकडतं. जाड थर सुईबरोबर वर उचलले गेले, तर फास तयारच होत नाही आणि टोक रिकामं फिरतं. बोथट किंवा बारीक सुई असेल तर हे हमखास होतं. ब्लाउजला चालणारी ११ नंबरची सुई गोधडीसाठी काढून ठेवावी. सुती तीन थरांना १४ किंवा १६, फारच जाड असेल तर १८. सुईवरची लांब खाच ज्या बाजूला, दोरा त्याच बाजूनं ओवायचा. उलटी बसलेली सुई एकही टाका धड घालत नाही, आणि नवशिक्या मात्र तासभर बॉबिन उघडून बसतो.

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला दोष देतात. खरा दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपाय खाली असताना दोरा ओवला, तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. पाय उचलून पुन्हा ओवावं. उलट, खालचा दोरा वर दिसू लागला तर वरचा ताण जास्त आहे. बॉबिनची पेटी तिच्याच दोऱ्यानं लटकवून हलका झटका द्यावा. थोडी घसरून थांबली तर तिचा ताण ठीक. सुई वारंवार मोडत असेल तर बहुतेक वेळा हात कापड ओढत असतो. गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबत असलं तरी तेच होतं. शेजारी खुर्ची ठेवून भार तिच्यावर टाकावा.

कावेरीच्या खोऱ्यात आणखी एक भर पडते. महाराष्ट्रात दिवाळीला पाऊस संपलेला असतो. तिथं ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. दमट हवेत पायमशीनचा चामड्याचा पट्टा सैल पडून खालचं चाक फिरतं पण सुई चालत नाही. पट्टा थोडा कापून आकडा पुन्हा लावला की काम भागतं. शटलजवळ गंज धरतो, आणि गोधडीतून निघणारा लोकर-कापसाचा भुगा तिथंच ओलसर होऊन बसतो. तो ब्रशनं काढून शिवणयंत्राचं पातळ तेल एक-एक थेंब घालावं. खोबरेल किंवा तिळाचं तेल हाताशी असलं तरी घालू नये. ते पुढं चिकट होऊन मशीन जड करतं. तेल दिल्यावर चिंधीवर चार ओळी शिवून घ्याव्यात, नाहीतर पहिला डाग गोधडीवर.

एवढं करूनही टाका सुटत राहिला, विशेषतः सुई एखाद्या टणक शिवणीवर आदळून मोडल्यानंतर, तर सुई आणि शटल यांची वेळ बिघडलेली असू शकते. ते काम घरच्या स्क्रूड्रायव्हरचं नाही. जाणत्या मेकॅनिकला बोलवा. पण बोलावण्याआधी नवी, जाड सुई घालून एकदा पाहा.