आधी चेहरा, मग शार्पी

मालेगाव, सटाणा, कळवण, देवळा या कसमादे पट्ट्यात नवरात्रापासून लग्नसराईपर्यंत गाण्याचे जे कार्यक्रम होतात, त्यांतल्या बहुतेक स्टेजचा नकाशा ठरलेला असतो. मागे चकचकीत फ्लेक्स, दोन्ही बाजूंना साऊंडच्या भिंती, वर ट्रसला ओळीने टांगलेल्या शार्पी, म्हणजे फिरत्या झोतांचे दिवे, आणि मधोमध एकटा गायक. शार्पीचे झोत आभाळात फिरतात, प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातात, समोरच्या गच्चीवर जाऊन येतात. गायकाच्या तोंडावर मात्र एकही थांबत नाही. तो कधी निळा दिसतो, कधी जांभळा आणि बराच वेळ दिसतच नाही. मग त्याच रात्रीचा व्हिडिओ यूट्यूबवर चढतो आणि त्यात आवाज असतो, माणूस नसतो.

आजकाल एकट्याने कार्यक्रम करणारे पुष्कळ आहेत. अहिराणी गाणी म्हणणारा, ट्रॅकवर जुनी हिंदी गाणी गाणारा, हार्मोनियम घेऊन गझल म्हणणारा, सप्ताहातला कीर्तनकार, पोवाडा म्हणणारा शाहीर. यांतल्या कुणाकडेही लायटिंगसाठी लाखभर रुपये नसतात. तशी गरजही नसते. एकट्या माणसाला उजळायला चार दिवे पुरतात. कोणते चार आणि ते कुठे लावायचे, एवढंच नीट ठरवावं लागतं.

कमी पैशांत काम काढण्याचं मालेगावला कुणी शिकवायला नको. २००० साली नासिर शेख यांनी इथे ‘मालेगाव के शोले’ काढला, तोही शोलेच्या एखाद्या प्रसंगालाही पुरले नसते एवढ्या पैशांत. पुढे त्यांच्या मंडळींनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ करायला घेतला. तो कसा घडला हे फैजा अहमद खान यांच्या २००८च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात दिसतं. कॅमेरा सायकलवर चढवून ट्रॉली होते, बैलगाडी क्रेनचं काम करते आणि सुपरमॅन होतो यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख. २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला आणि ही गोष्ट देशभर गेली. त्या मंडळींच्या हिशेबात एक शहाणपण होतं. पडद्यावर जे दिसणार त्यावर पैसा घालायचा, बाकीचं मागून-उसनवारून भागवायचं. लायटिंगलाही हाच हिशेब लागू पडतो.

स्टेजवर सगळ्यांत जास्त पाहिला जातो तो चेहरा. गाणारा डोळे मिटतो, सम गाठताना भुवई उचलतो, शेर म्हणून झाला की दाद घ्यायला थांबतो. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने अर्धशतकाहून जास्त माणसं उभी करायचे, तेव्हा त्यांच्याजवळ चेहरा, आवाज आणि एक उपरणं यापलीकडे फारसं काही नव्हतं. त्याच्याही खूप आधी तर वीजच नव्हती. तमाशाच्या फडात टेंभे आणि पुढे गॅसबत्त्या असायच्या. पण त्या उजेडाचा रंग पिवळसर, उबदार होता आणि तो माणसाच्या जवळून यायचा. म्हणून त्यात कातडीचा रंग खरा वाटायचा. हल्लीच्या स्वस्त दिव्यांत नेमकं तेच हरवलंय.

बाजारात जाऊन ‘स्टेजची लाईट द्या’ म्हटलं, की दुकानदार बहुधा ५४ एलईडीची ‘पार’ नावाची लाईट पुढे करतो. तीन-तीन वॅटचे ५४ मणी, लाल-हिरवा-निळा-पांढरा, मागे छोटा डिस्प्ले, किंमत साधारण दीड ते तीन हजार. वस्तू वाईट नाही. पण विकत घेण्याआधी तिचे मणी मोजा. बऱ्याच मॉडेलांत १२ लाल, १८ हिरवे, १८ निळे आणि पांढरे फक्त ६ असतात. म्हणजे ही पार रंगासाठी बनवलेली आहे, चेहऱ्यासाठी नाही. लाल-हिरवा-निळा एकदम लावून पांढरा उजेड करता येतो खरा, पण त्यात पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात खड्डा असतो. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीला उठाव येतो तो याच पट्ट्यामुळे. तो नसला की माणूस राखट दिसतो, ओठ जांभळे पडतात आणि नवरीच्या मेकअपवाल्या ताईंनाही काही करता येत नाही.

तेव्हा चारांपैकी समोरचे दोन दिवे वेगळे घ्यावेत. ते वॉर्म व्हाईट असावेत, म्हणजे खोक्यावर ३००० ते ३२०० केल्विन लिहिलेलं असेल असे. दुकानात त्यांना सीओबी पार म्हणतात. मधोमध एकच मोठा पिवळसर ठिपका दिसतो, मणी दिसत नाहीत. शंभर वॅटचे दोन एका गायकाला भरपूर झाले. खोक्यावर सीआरआय असा आकडा असेल तर तो ९०च्या पुढे हवा. उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते माप आहे, शंभरपैकी. आकडा छापलेलाच नसेल तर दिव्याखाली आपला हात धरून पाहा. हात आपला वाटला पाहिजे.

पार घ्यायची ऐपत नसेल तरी वाट आहे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे व्हिडिओसाठीचे चांगले एलईडी दिवे असतात आणि त्यांचा सीआरआय बहुधा उत्तम असतो, कारण नवरीचा शालू फोटोत वेगळ्या रंगाचा आलेला कुणी खपवून घेत नाही. सराई नसताना हे दिवे भाड्याने मिळू शकतात. माझं मत विचाराल, तर पहिले काही कार्यक्रम भाड्याच्याच दिव्यांवर करावेत. आपल्याला काय लागतं ते कळायच्या आत पैसे अडकवू नयेत.

आता जागा. येल विद्यापीठाचे स्टॅनली मॅककँडलेस यांनी १९३२ साली रंगमंचाच्या प्रकाशयोजनेवर एक पुस्तक लिहिलं. त्यातली रीत अजून जगभर वापरली जाते. समोरून दोन दिवे, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, दोन्ही वरून तिरपे, साधारण ४५ अंशांत. एक जरा उबदार, दुसरा जरा थंड (आपल्याला दोन्ही उबदार चालतील). त्यामुळे नाकाला नाक दिसतं, गालाला गोलाई येते. समोरून सरळ एकच दिवा मारला की चेहरा आधारकार्डावरच्या फोटोसारखा सपाट होतो.

ही रीत लॉन्सवरच्या तीन फुटी स्टेजवर आणायची तर हिशेब असा. बसून गाणाऱ्याचा चेहरा जमिनीपासून सहा फुटांवर येतो. स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांबाहेर स्टँड लावून दिवे बारा फुटांवर नेले आणि गायकापासून सात-आठ फूट लांब ठेवले, तर उजेड चाळीसेक अंशांनी उतरतो. सावली मागच्या फ्लेक्सवर न पडता खाली सतरंजीवर पडते. गायक उभा राहून गाणार असेल तर स्टँड मागे सरकवावे लागत नाहीत, पण दिव्यांचं तोंड वर करायला लोक विसरतात आणि मग गळ्यापर्यंतच माणूस उजळतो. कीर्तनकाराच्या डोक्यावर फेटा असतो, गाणाऱ्या बाईंच्या डोक्यावर पदर असू शकतो. तिथे दिवे थोडे खाली उतरवा, नाहीतर डोळे सावलीत जातात. अंतर वाढवाल तर उजेड झपाट्याने पडतो. सहा फुटांवरचा दिवा बारा फुटांवर नेला की उजेड अर्धा न होता पाव होतो. मंडपाच्या मागच्या खांबाला बांधलेला हॅलोजन म्हणूनच गायकाला उपयोगी पडत नाही, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना मात्र घाम फोडतो.

राहिले दोन दिवे. ते मागे. इथे ती ५४ची पार शोभते. गायकाच्या मागच्या दोन कोपऱ्यांतून, वरून, त्याच्या खांद्या-केसांवर पडेल अशी. आपले केस काळे, मागे काळा पडदा असेल तिथे मागून उजेड नसला की डोकं पडद्यात विरघळतं. निळा, किरमिजी, केशरी, हवा तो रंग मागे वापरा. समोर रंग वापरू नका, आणि हिरवा तर कुठेच नको. हिरव्या उजेडात भला माणूस आजारी दिसतो.

विजेचा प्रश्न आपल्याकडे शेवटी येतो, तो आधी यायला हवा. जुन्या हॅलोजन पार हजार-हजार वॅटच्या असत. तसे चार दिवे म्हणजे चार किलोवॅट, २३० व्होल्टला सतरा अँपिअरच्या वर. मंगल कार्यालयातला मोठा पॉईंटही सोळाचाच असतो. वर सांगितलेले चार एलईडी मिळून पाचशे वॅटच्या आसपास बसतात, म्हणजे दोन-सव्वादोन अँपिअर. साध्या प्लगवर भागतं, छोट्या जनरेटरवरही भागतं. गावाकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की दाब उतरतो. तारेच्या दिव्याचा दाब दहा टक्के उतरला तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो आणि पिवळा पडतो. एलईडीच्या आतला पुरवठा बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे तो ढिम्म राहतो. पावसाळ्यात आणखी एक फायदा आहे. पिवळसर उजेडाकडे किडे कमी येतात, पांढऱ्या-निळ्याकडे जास्त. तान घेताना तोंडात पाखरू गेलेल्या गायकाला हे पटवून द्यावं लागत नाही.

दिवे चालवायचे कुणी? एकट्या कलाकाराजवळ लायटिंगवाला नसतो, मेव्हणा असतो. म्हणून सोपं ठेवा. दिव्याच्या मागे ‘ऑटो’ आणि ‘साऊंड’ असे दोन मोड असतात. ते बंद ठेवा, कारण साऊंडवर ठेवलेली पार तबल्याच्या प्रत्येक थापेला रंग बदलते आणि विलंबितात गाणाऱ्याची नाचक्की होते. दिवे डीएमएक्सच्या वायरीने एकमेकांना जोडता येतात. ही पद्धत १९८६ साली अमेरिकेत ठरली. एका वायरीवर ५१२ चॅनेल चालतात. मागच्या दोन्ही पारना एकच पत्ता द्या, त्या जोडीने चालतील. साधा कंट्रोलर तीनेक हजारांत येतो आणि त्यात दृश्यं साठवता येतात. तीन पुरे. एक गाण्यासाठी, एक बोलण्यासाठी आणि एक शेवटी सगळं उजळायला. मेव्हण्याने एवढीच बटणं दाबायची.

घेण्याआधी दिव्याची एक परीक्षा दुकानातच करा. दिवा निम्म्यावर मंद करा आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा परत द्या. स्वस्त एलईडी मंद होतो म्हणजे खरं तर भराभर चालू-बंद होत राहतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. ज्याचं अर्धं प्रेक्षकगृह यूट्यूबवर आहे त्याने असा दिवा घेऊच नये. दुसरी गोष्ट पंख्याची. दिव्याच्या पाठीवरचा छोटा पंखा दुकानाच्या गलक्यात ऐकू येत नाही, गझलच्या बैठकीत माईकमधून येतो. साऊंडची आणि लाईटची वायर एका जुडीत बांधू नका. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा, नाहीतर स्पीकर गुणगुणायला लागतो आणि दोष बिचाऱ्या साऊंडवाल्याला जातो.

शार्पी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. धूर सोडून तिचा झोत दाखवला की पोरं खूश होतात. पण ती पाचवी वस्तू आहे, पहिली नाही, आणि ती भाड्यानेच घ्यावी. लेझर तर नकोच. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि पुण्यासारख्या शहरांत पोलिसांनी त्यावर बंदी घातली.

सगळा ढोबळ हिशेब असा. समोरचे दोन सीओबी दहा-बारा हजार, मागच्या दोन पार पाच हजार, स्टँड, वायरी आणि कंट्रोलर मिळून आठेक हजार. पंचवीस हजारांत वर्षानुवर्षं टिकेल असा संच होतो. यात काटछाट करायची तर रंगात करा. स्टँडच्या बुडाशी वाळूची पोतडी ठेवा, वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला दुसरी साखळी बांधा आणि अर्थिंगची तिसरी पिन कापून टाकण्याची आपल्याकडची सवय सोडा. जुगाड ट्रॉलीत चालतो, विजेत चालत नाही.

कॉलेजांच्या, मंगल कार्यालयांच्या आणि लॉन्सच्या चालकांना एक विनंती. स्टेजच्या समोर दोन्ही बाजूंना बारा फुटांवर एकेक पक्का लोखंडी पाईप बसवा आणि त्याच्याजवळ अर्थिंग आणि ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर) असलेला स्वतंत्र पॉईंट द्या. खर्च एकदाच येतो, आणि येणारा प्रत्येक गायक पहिल्या गाण्यापासून दिसतो.