विश्लेषण : कर्ज फेडण्यासाठी विकली २७२ माणसे! जॉर्जटाऊन विद्यापीठ १८३८च्या पापाची भरपाई कशी करत आहे?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमधील जॉर्जटाऊन विद्यापीठात एप्रिल २०१९ मध्ये एक वेगळेच मतदान झाले. दर सत्राच्या शुल्कात २७.२० डॉलरची भर घालायची का, असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे होता. शुल्कवाढ म्हटली की विद्यार्थी विरोधच करतात. इथे मात्र मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ६६ टक्के विद्यार्थ्यांनी 'हो' म्हटले. हा आकडा कुठून आला आणि पुढे त्याचे काय झाले, जाणून घेऊ.

१८३८ मध्ये काय घडले?

जॉर्जटाऊनची स्थापना १७८९ मध्ये कॅथलिक धर्मगुरूंच्या पुढाकाराने झाली आणि पुढे ते जेझुइट पंथाकडे आले. मेरीलँड राज्यात या पंथाचे मोठे मळे होते आणि त्यावर गुलाम राबत. १८३०च्या दशकात कॉलेज कर्जात बुडाले. तेव्हा कॉलेजचे माजी अध्यक्ष आणि पंथाचे प्रांतप्रमुख थॉमस मुलेडी यांनी २७२ स्त्री-पुरुष आणि मुलांचा सौदा केला. किंमत ठरली १ लाख १५ हजार डॉलर. सुरुवातीला मिळालेल्या रकमेतील काही भाग थेट कॉलेजचे कर्ज फेडण्यासाठी गेला.

विकलेल्यांपैकी बहुतेकांना जहाजाने दूर लुईझियानातील मळ्यांवर नेण्यात आले. विक्रीला परवानगी देताना रोममधील वरिष्ठांनी अटी घातल्या होत्या. कुटुंबे तोडू नयेत, या लोकांना धर्माचरण करता यावे आणि आलेला पैसा कर्जफेडीसाठी वापरू नये. या अटी पाळल्या गेल्या नाहीत. मुलेडी यांना प्रांतप्रमुखपद सोडावे लागले. पण १८४५ मध्ये ते पुन्हा कॉलेजचे अध्यक्ष झाले!

ज्यांच्या विक्रीतून कर्ज फिटले, त्यांच्या समाजासाठी मात्र कॉलेजचे दार बंदच राहिले. येथे पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला पदवी अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला तो थेट १९५० मध्ये.

विषय पुन्हा ऐरणीवर कसा आला?

हा व्यवहार गुपित नव्हता. विक्रीची कागदपत्रे, नावांच्या याद्या दप्तरात होत्या आणि इतिहासकारांना त्यांची माहिती होती. २०१५ मध्ये तत्कालीन अध्यक्ष जॉन डिजोया यांनी अभ्यासगट नेमला. आवारातील एका इमारतीला मुलेडी यांचे, तर दुसरीला विक्रीवेळी अध्यक्ष असलेल्या विल्यम मॅकशेरी यांचे नाव होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या दिला आणि ही नावे हटवण्यात आली.

दरम्यान, एका माजी विद्यार्थ्याच्या पुढाकाराने वंशावळींचा शोध सुरू झाला. जुन्या याद्या, जहाजांच्या नोंदी, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या जुळवत हजारो वंशजांपर्यंत पोहोचता आले. त्यातील अनेकांना आपले पूर्वज एका कॉलेजसाठी विकले गेले होते, हे तेव्हा पहिल्यांदाच कळले.

विद्यापीठाने काय केले?

सप्टेंबर २०१६ मध्ये विद्यापीठाने वंशजांना प्रवेशात प्राधान्य जाहीर केले. हा निकष माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळतो तोच. १८ एप्रिल २०१७ रोजी वंशजांच्या उपस्थितीत विद्यापीठ आणि जेझुइट पंथाने जाहीर माफी मागितली. त्याच दिवशी मुलेडी यांच्या नावाच्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव मिळाले. विक्रीच्या यादीतील पहिले नाव त्यांचेच होते. दुसऱ्या इमारतीला कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या अ‍ॅन मरी बीक्राफ्ट यांचे नाव देण्यात आले.

तरीही वंशजांची नाराजी उरली. अभ्यासगटात त्यांना स्थान नव्हते आणि प्रवेशात प्राधान्य मिळाले तरी महागडे शुल्क भरायचे कसे, हा प्रश्न होताच.

२७.२० डॉलरचे काय झाले?

म्हणूनच विद्यार्थ्यांनी सार्वमताचा मार्ग धरला. २७२ या संख्येची आठवण म्हणून रक्कम २७.२० डॉलर ठरली. विरोधकांचे म्हणणे होते, की चूक संस्थेची आहे, भुर्दंड विद्यार्थ्यांना कशाला? समर्थकांचे उत्तर होते, की या संस्थेचा लाभ आम्हीही घेतो, मग वाटाही उचलू.

सार्वमत विद्यापीठावर बंधनकारक नव्हते. शुल्क लागू झाले नाही. त्याऐवजी दरवर्षी सुमारे ४ लाख डॉलरचा निधी उभारून वंशजांच्या वस्त्यांतील प्रकल्पांना देण्याचे विद्यापीठाने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केले.

१० कोटी डॉलरचे आश्वासन काय आहे?

मार्च २०२१ मध्ये जेझुइट पंथाने वंशजांसोबत एक प्रतिष्ठान स्थापन करून १० कोटी डॉलर देण्याचे आश्वासन दिले. दीर्घकालीन उद्दिष्ट आहे १०० कोटी डॉलरचे. वंशजांचे शिक्षण, वृद्ध-आजारी वंशजांना मदत आणि वांशिक सलोख्याचे उपक्रम यांवर हा पैसा खर्च व्हावा, अशी योजना आहे. २०२३ मध्ये पंथाने १ कोटी ७० लाख, तर विद्यापीठाने १ कोटी डॉलर देण्याची घोषणा केली.

हे पुरेसे आहे का?

याबाबत वंशजांमध्येही एकमत नाही. काहींच्या मते संस्थेसोबत बसूनच मार्ग निघेल, तर काहींना पैसा थेट कुटुंबांच्या हाती हवा आहे. इमारतीचे नाव बदलायला एक ठराव पुरतो. पैसा किती, कोणाला आणि तो कोण वाटणार, हे ठरवताना मात्र संस्थेला आपला अधिकार थोडा सोडावा लागतो. जॉर्जटाऊनची खरी परीक्षा तिथेच आहे.