जुन्या मोटारीची शस्त्रक्रिया

आजोबांनीं घेतलेली १९२६ सालची फोर्ड ‘टी’ मोटार गेल्या वर्षीं अडखळूं लागली, तेव्हां पुतण्यानें इंजिनच उतरविण्याचा हट्ट धरला. आम्हीं म्हटलें, आधीं परीक्षा, मग शस्त्रक्रिया.

ह्या गाडींत चार सिलिंडरांना चार स्वतंत्र कॉइली असतात. इंजिन चालू असतां पहिल्या व चौथ्या कॉइलीचे कंपक बोटांनीं दाबून धरावे, म्हणजे मधले दोनच सिलिंडर चालतात व आजार कोठें तें कानास कळतें. दोष तिसऱ्यांत निघाला. त्याची कॉइल दुसऱ्याच्या जागीं बसवितांच दोषहि तिकडे गेला. अर्थात् कॉइलच बिघडलेली!

तथापि खालची ठकठक थांबेना. मुख्य बेअरिंगांचें बॅबिटचें अस्तर झिजलें होतें. इंजिन उतरविणें आतां प्राप्तच झालें. पुतण्याची मुद्रा विजयी झाली, हें सांगणे नलगे. रेडिएटर, तारा, नळ्या, बोल्ट सोडविल्यावर फोर्डच्या जुन्या पुस्तिकेप्रमाणें मधल्या दोन सिलिंडरांमधून दोर ओवला, त्यांत दहा फुटी लोखंडी नळ घातला. दोघांनीं टोकें धरलीं, तिसऱ्यानें हँडल. इंजिन अलगद वर आलें.

नवें अस्तर ओतवून तें पुन्हां चढविलें. वाचकहो, स्टिअरिंगखालची डावी दांडी वर नसेल तर हँडल उलट फटका मारतें. आजोबांचें मनगट त्यानेंच मोडलें होतें. दांडी आम्हीं स्वतः वर केली, आंगठा बोटांच्याच बाजूस ठेव म्हणून पुतण्यास बजावलें, आणि मागें सरलों. वहिनी दारांत उभ्या होत्या. तिसऱ्या फेऱ्यास इंजिन बोललें.