साधनांची देवघेव आणि शिक्षकाचे व्यवसायज्ञान

कायद्याच्या व्यवसायाला निवाड्यांचे संग्रह असतात. वैद्यकाला रोगवृत्तांची परंपरा असते. बुद्धिबळासारख्या खेळातही जुन्या डावांची लेखी नोंद राहते. अध्यापनाच्या व्यवसायाला मात्र अशी स्मृती जवळजवळ नाही. एखादा शिक्षक तीस वर्षांच्या परिश्रमाने एखादा अवघड घटक उत्तम रीतीने शिकवू लागतो आणि निवृत्तीच्या दिवशी ते कौशल्य त्याच्याबरोबरच शाळेबाहेर पडते. अध्यापन समव्यावसायिकांच्या नजरेआड चालत असल्यामुळे या व्यवसायाला एक प्रकारची सामुदायिक विस्मृती जडली आहे, अशी खंत अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ ली शुल्मन यांनी १९८७ साली व्यक्त केली होती. इंटरनेटवरून शिक्षक आज परस्परांना जी साधने देतात, त्यांमुळे ही विस्मृती दूर होते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

देवघेव सुलभ झाली आहे, यात शंका नाही. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा युनेस्कोने पॅरिस येथे २००२ साली भरविलेल्या परिषदेत स्वीकारली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने प्रसिद्ध झाले. त्यांपैकी उदार परवान्यांखाली कर्त्याचे श्रेय अबाधित राहून इतरांना ते साधन जवळ ठेवण्याची, वापरण्याची, बदलण्याची, दुसऱ्या साधनाशी जोडण्याची व पुढे वाटण्याची मुभा मिळते. भारतात २०१७ साली ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. हा उपक्रम पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला, आणि २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. एका खेड्यातील शाळेत रुजलेली कल्पना किती दूर जाऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

परंतु साधन पोहोचणे आणि ज्ञान पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शुल्मन यांनी १९८६ साली दाखवून दिले, की विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाची सर्वसामान्य तंत्रे यांच्या पलीकडे शिक्षकापाशी एक तिसरे ज्ञान असते. अमुक घटक विद्यार्थ्यांना कोठे अडतो, त्यांच्या मनात आधीच कोणती समजूत घर करून बसलेली असते, आणि तिला कोणत्या उदाहरणाने धक्का देता येतो, हे ते ज्ञान. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोलर यांनी २००६ साली या विचारात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांच्या मते केवळ यंत्र चालविता येणे पुरेसे नाही. विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान ही तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथील ज्ञान निर्णायक ठरते. नेमके हेच ज्ञान चित्रफितीत किंवा सरकपट्ट्यांच्या संचात दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात विज्ञान व गणित यांतील सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारी कृतिशील प्रतिरूपे, विनामूल्य मिळतात. त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत. विद्युत्‌मंडलाच्या सिम्युलेशनमध्ये विद्यार्थी घट, तारा व दिवे जोडू शकतो. आता दोन वर्ग कल्पावेत. पहिल्या वर्गात शिक्षक मंडल जोडून दाखवितो. दिवे लागतात, मुले आनंदतात आणि तास संपतो. दुसऱ्या वर्गात शिक्षक दोन सारखे दिवे एकसरीत जोडण्याचे ठरवून आधी विचारतो, ‘कोणता दिवा अधिक उजळेल?’ विद्युत्‌प्रवाह दिव्यात खर्च होतो, अशी अनेकांची समजूत असते. म्हणून ते पहिल्या दिव्याचे नाव घेतात. प्रत्यक्षात दोन्ही दिवे सारखेच उजळतात, प्रवाहमापक दोहोंकडे एकच आकडा दाखवितो आणि खऱ्या चर्चेला तेथून प्रारंभ होतो. साधन तेच, अध्यापन मात्र सर्वस्वी वेगळे. फेटच्या संकेतस्थळावर शिक्षकांनी स्वतः रचलेले उपक्रमही ठेवता येतात. प्रतिरूपाचे पुरेपूर मोल अशा उपक्रमांमुळेच प्रकट होते.

यावरून असे म्हणता येईल, की साधनाबरोबर त्याच्या उपयोगाचा वृत्तांत गेला तरच देवघेवीचे रूपांतर व्यावसायिक शिक्षणात होते. हा वृत्तांत लांबलचक असण्याचे कारण नाही. साधन कोणत्या वर्गासाठी व कोणत्या अडचणीवर योजले, कोणता प्रश्न विचारला, विद्यार्थ्यांनी काय उत्तरे दिली, आणि पुढील खेपेस काय बदलावे, एवढे चार मुद्दे त्यास पुरेत. जपानमधील पाठ-अभ्यासाची पद्धती या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे शिक्षकांचा गट एकत्र बसून पाठ आखतो. एक जण तो शिकवितो, इतर विद्यार्थ्यांचे निरीक्षण करतात. नंतर पाठ सुधारला जातो आणि त्याचा अहवाल इतरांसाठी उपलब्ध होतो.

आपल्याकडे असा वृत्तांत क्वचितच लिहिला जातो, याचा सर्व दोष शिक्षकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. लेखनासाठी त्याला वेळ हवा, श्रेय हवे, आणि फसलेला पाठ मोकळेपणाने नोंदविल्यास त्याचा उपयोग आपल्याविरुद्ध होणार नाही, हा विश्वासही हवा. यांपैकी काहीच नसेल, तर तो साधन पाठवील आणि अनुभव स्वतःपाशी ठेवील. किंबहुना, दुसऱ्याने केलेली साधने मुकाट्याने दाखविणारा, एवढीच त्याची भूमिका उरेल.

शिक्षणशास्त्राच्या संशोधकावर यातून एक जबाबदारी येते. किती साधने निर्माण झाली आणि ती कितीजणांनी उतरवून घेतली, हे मोजणे सोपे आहे. परंतु त्या आकड्यांवरून वर्गात काय घडले हे कळत नाही. एकच साधन चार शाळांतून फिरताना कसकसे बदलले, प्रत्येक बदलामागे शिक्षकाचा कोणता विचार होता, याचा मागोवा घेणारे प्रबंध अधिक मोलाचे ठरतील. तद्वतच शिक्षकाच्या टिपणाला केवळ संशोधनाची कच्ची सामग्री न मानता, लेखकाच्या नावासह उद्धृत करण्याजोगे ज्ञान मानण्याची प्रथा विद्यापीठांनी पाडली पाहिजे. व्यवसायाची स्मृती यंत्राच्या साठ्यात आपोआप तयार होत नाही. ती लिहावी लागते, वाचावी लागते आणि तपासून पाहावी लागते.